देवघरातला शाळिग्राम, इंग्लंडचा अमोनाइट आणि कच्छचा दगड: तिन्ही एकाच प्राण्याचे का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. वाईच्या आमच्या घरात सध्या तीन दगड आहेत आणि तिन्हींवर वरकरणी एकसारखेच वेटोळे आहे. विचारायचे ते नेमके विचारता यावे म्हणून आधी त्यांची हकिकत सांगतो.

पहिला दगड म्हणजे देवघरातील शाळिग्राम. तो पंचायतनातला असून किमान चार पिढ्या आमच्याकडे आहे. काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा आहे. एका अंगाला वदन, म्हणजे तोंडासारखे छिद्र, आहे आणि त्यातून उजेडात डोकावून पाहिले की आत चक्राच्या कडा दिसतात. दुसरा दगड माझ्या भाच्याने दिला. तो इंग्लंडमध्ये नोकरीला असतो आणि तेथील डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, चारमथ नावाच्या गावी, त्याला हा वाळूत सापडला. जुन्या आठ आण्यांच्या नाण्याएवढा असून दिला तेव्हा तो पितळेच्या बटणासारखा लखलखत होता. तिसरा मी स्वतः गेल्या डिसेंबरात कच्छच्या सहलीत एका टेकडीच्या पायथ्याशी उचलला. तो तळहाताएवढा, तांबूस तपकिरी असून त्याची एक कड तुटलेली आहे.

अडचण दुसऱ्या दगडाची आहे. माझ्या आईने (वय 78) त्यावरचे चक्र पाहिले, हात जोडले आणि मला न विचारता तो शाळिग्रामाशेजारी ठेवून दिला. तेव्हापासून दोघांनाही रोज ताम्हणात स्नान घडत होते. श्रावण संपता संपता त्या दगडावर पांढरट पिवळी भुकटी धरू लागली, आंबूस वास येऊ लागला, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी तो मधोमध तडकला. ज्या वाटीत तो ठेवत असू तिच्या तळाला काळे हिरवे डाग पडले आहेत. शाळिग्रामाला मात्र इतक्या वर्षांत काहीही झालेले नाही. आईने या गोष्टीचा जीवाला घोर लावून घेतला आहे.

म्हणून विचारतो: हे तिन्ही दगड एकाच प्राण्याचे अवशेष आहेत का, एकच का कुजावा, आणि कच्छचा दगड मी कसा जपावा व कसा समजून घ्यावा? मला भूशास्त्राचे शिक्षण नाही, परंतु वाचण्याची तयारी आहे.

गाळखडक

मी पुण्यात अनेक वर्षे भूशास्त्र शिकवले आणि विद्यार्थ्यांना घेऊन कच्छला बऱ्याच वेळा गेलो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तिन्ही दगड अमोनाइटचेच, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचेच आहेत, परंतु तिघांचा प्राणी एक नाही. "अमोनाइट" हा शब्द "मासा" या शब्दासारखा व्यापक आहे, त्यात हजारो जाती येतात. या प्राण्यांचा मोठा गट सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वी उदयाला आला आणि 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबरच, संपला. बहुतेक लोक त्यांना गोगलगायीचे किंवा शंखातल्या किड्याचे भाईबंद समजतात. खरे तर त्यांचे जवळचे नातलग म्हणजे कोकणातल्या मासळीबाजारात मिळणारी म्हाकुळे आणि ऑक्टोपस. प्रशांत व हिंदी महासागरात आजही जगणारा नॉटिलस दिसायला अमोनाइटसारखा असला तरी नात्याने तो म्हाकुळांपेक्षा लांबचा आहे.

गोगलगायीचा शंख आतून एकसंध पोकळ असतो. अमोनाइटचे कवच पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेले असते. प्राणी राहतो तो सर्वांत बाहेरच्या, शेवटच्या दालनात. तो वाढला की पुढे सरकतो आणि मागे एक नवा पडदा घालून घेतो. मागच्या कप्प्यांतील पाणी एका बारीक नळीवाटे काढून तेथे वायू भरला जातो आणि त्या बळावर तो पाण्यात तरंगतो. ही कल्पना समजून घ्यायची असेल तर पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो किंवा आयुर्वेदाच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन विकत आणावा आणि आडवा मोडून भिंगाखाली पाहावा. समुद्रफेन हे म्हाकुळाच्याच जातीच्या प्राण्याच्या पाठीतले कवच आहे, आणि त्याचे एकावर एक रचलेले पातळ मजले हेच काम करतात.

आता तुमच्या कच्छच्या दगडाकडे वळू. त्याचे मूळ कवच बहुधा झिजून गेले असेल आणि तुमच्या हातात आहे तो आतल्या पोकळीत भरलेल्या गाळाचा घट्ट झालेला साचा. हे नुकसान नाही, लाभच आहे. कारण कवच गेले की आतला प्रत्येक पडदा कवचाला जेथे टेकत होता तेथील रेषा उघडी पडते. या सांधेरेषा अमोनाइटची सही समजाव्यात. नॉटिलसमध्ये त्या साध्या, लाटेसारख्या असतात. अमोनाइटमध्ये मात्र त्या कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारख्या पुनःपुन्हा दुमडलेल्या असतात. दगड ओला करून तिरप्या उन्हात धरावा आणि दहापट भिंगाने पाहावा. जेथे रेषा संपतात आणि दगड सपाट होतो तेथून पुढे प्राण्याचे दालन होते. पुष्कळदा ते दालन मोडूनच गेलेले असते, म्हणजे जिवंतपणी तो प्राणी आपल्या हातातल्या दगडापेक्षा बराच मोठा होता असे समजावे.

त्यानंतर बरगड्या पाहाव्यात. कवचावरच्या उभ्या कंगोऱ्यांना आम्ही बरगड्या म्हणतो. त्या मध्यभागापासून बाहेरच्या कडेपर्यंत एकट्या जातात की वाटेत दुभंगतात, पाठीवरून सलग ओलांडतात की तेथे थांबतात, आतले फेरे उघडे दिसतात की बाहेरचा फेरा त्यांना झाकून टाकतो, हे सर्व लिहून ठेवावे. एवढ्यावरूनही कुळ पुष्कळदा सांगता येते.

परंतु एक प्रश्न मला दगडापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि तो जरा रागाने विचारतो आहे असे समजलात तरी चालेल: हा दगड कोठे, कोणत्या थराशेजारी उचलला? कच्छच्या ज्युरासिक (सुमारे 20 ते 14.5 कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांची विभागणी पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया अशा चार भागांत होत आली आहे. ती भूशास्त्रज्ञ फर्डिनंड स्टोलिच्का यांनी 1871-72 च्या हिवाळ्यात उंटांच्या वाटा तुडवीत केलेल्या पाहणीतून आली. स्टोलिच्का 1874 साली लडाखात मरण पावले, आणि त्या जीवाश्मांवरचा ग्रंथ विल्हेल्म वागेन यांनी पूर्ण केला. पुढे 1927 ते 1933 या काळात जीवाश्मतज्ज्ञ एल. एफ. स्पाथ यांनी त्या सर्वांचा फेरविचार केला. तो फेरविचार करता आला याचे कारण असे की, आधीच्या लोकांनी दगडांबरोबर गावाचे व थराचे नाव टिपून ठेवले होते. ज्या दगडाला गाव नाही तो टेबलावरचा कागददाब होऊन बसतो.

थराला एवढे महत्त्व का, हेही सांगतो. अमोनाइटच्या जाती फार लवकर बदलत आणि समुद्रातून दूरवर पसरत. म्हणून त्यांच्यावरून खडकाचे वय लावता येते. ज्युरासिक कालखंड सुमारे साडेपाच कोटी वर्षांचा, आणि एकट्या वायव्य युरोपात अमोनाइटांच्या आधारे त्याचे सत्तरहून अधिक भाग पाडले गेले आहेत. म्हणजे सरासरीने एकेक भाग दहा लाख वर्षांपेक्षाही कमी भरतो. किरणोत्सारी पद्धतीने वय काढायला योग्य असे ज्वालामुखीचे थर समुद्राच्या गाळात क्वचितच मिळतात. तेथे अजूनही या वेटोळ्यांवरच भिस्त आहे.

आणखी एक. आपण वाईचे आहात, तेव्हा हा प्रश्न कोणीतरी विचारणारच: सह्याद्रीत अमोनाइट का सापडत नाहीत? कारण आपला कातळ म्हणजे जमिनीवर पसरलेला लाव्हा आहे, समुद्रतळाचा गाळ नव्हे. गंमत अशी की, हा लाव्हा ज्या सुमारास ओतत होता त्याच सुमारास मेक्सिकोत उल्का आदळली आणि जगभरातील अमोनाइट नाहीसे झाले. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील बाघ, जेथे लाव्ह्याच्या खाली दबलेला क्रेटेशियस (ज्युरासिकनंतरच्या) काळातील समुद्राचा चुनखडक उघडा पडला आहे आणि त्यात प्लॅसेंटिसेरास नावाचे चपटे अमोनाइट मिळतात.

दर्यापार

मी गेली बारा वर्षे डॉर्सेटमध्येच राहतो आणि सुट्टीच्या दिवशी चारमथच्या किनाऱ्यावर असतो, म्हणून फक्त दुसऱ्या दगडाविषयी लिहितो.

आपला दगड पितळेचा नाही, तो पायराइटचा आहे, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा. प्राणी मेल्यावर तो प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात रुतला. अशा चिखलातले जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खाडीचा चिखल पायाने ढवळला की जो सडक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा. या वायूची चिखलातल्या लोहाशी गाठ पडली की पायराइट तयार होतो, आणि कवचाच्या बंद कप्प्यांत तो हळूहळू भरत जातो. असा पितळी अमोनाइट ओल्या वाळूत पहिल्यांदा चमकतो तेव्हा कोणी सोन्याचे बटण टाकून गेले की काय असे वाटते.

पायराइटचा दोष असा की, हवा आणि ओल मिळाली की तो उलट्या दिशेने जाऊ लागतो. त्याच्यापासून लोहाचे सल्फेट तयार होते, ज्याला आपण हिराकस म्हणतो, आणि त्याबरोबर गंधकाम्ल सुटते. आपण पाहिलेली भुकटी हिराकसाच्याच जातीची, वास या प्रक्रियेचा, आणि वाटीवरचे डाग आम्लाचे. हिराकस पायराइटपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे दगड आतून फुगून फुटतो. संग्रहालयांत याला पायराइटचा रोगच म्हणतात. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की तो बळावतो; वाईच्या पावसाळ्यात ती किती असते हे मी सांगायला नको, आणि त्यात रोजचे स्नान. माझ्या स्वतःच्या संग्रहातील पहिल्या वर्षीचे अकरा नग असेच गेले. मी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापसावर, न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवले होते. त्यांच्याबरोबर चिठ्ठ्याही जळाल्यासारख्या तपकिरी होऊन तुकडे पडल्या, आणि आता कोणता नग कोणत्या दिवशी मिळाला हे मलाही सांगता येत नाही.

म्हणून आता असे करावे. भुकटी कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी. पाणी अजिबात लावू नये. दगड दोन-तीन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुडीबरोबर ठेवावा. जे कुजले ते परत येणार नाही, परंतु राहिलेले टिकू शकते. तो इतर दगडांपासून, विशेषतः कच्छच्या दगडापासून, दूर ठेवावा, कारण सुटणारे आम्ल चुनखडीला खाते. आणि एक विनंती आवर्जून करतो: त्या दगडावरून ओघळलेले पाणी तीर्थ म्हणून कोणी घेत असेल तर ते आजच बंद करावे. पायराइटमध्ये लोह व गंधकाखेरीज आर्सेनिकसारखे घटकही थोड्या प्रमाणात असू शकतात.

आपल्या भाच्याने काही गैर केलेले नाही, हेही सांगून ठेवतो. हा किनारा 2001 पासून जागतिक वारसा आहे, तरी सुटे, लाटांनी बाहेर काढलेले जीवाश्म उचलण्यास येथे मुभा आहे, कारण ते उचलले नाहीत तर पुढच्या वादळात समुद्र त्यांचा चुरा करतो. कड्यात खणण्यास मात्र मनाई आहे, आणि शास्त्रीय महत्त्वाचा नमुना मिळाला तर तो नोंदवावा अशी अपेक्षा असते. शेजारच्या लाइम रीजिस गावी मेरी अ‍ॅनिंग (1799-1847) ही सुताराची मुलगी याच दगडांवर पोट भरत असे, आणि तिने काढलेले सांगाडे आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. गावाच्या पश्चिमेला ओहोटीच्या वेळी चुनखडकाची एक सपाट फरशी उघडी पडते. तिच्यावर गाडीच्या चाकाएवढे अमोनाइट शेकड्यांनी पसरलेले आहेत. ते तसेच ठेवलेले आहेत आणि मुले त्यांवर उभी राहून लाटा पाहतात.

बरगड्या एकट्या, न दुभंगलेल्या आणि पाठीवर येऊन चपट्या होणाऱ्या असतील तर आपला नग बहुधा प्रोमायक्रोसेरास असावा. चारमथला नाण्याएवढे मिळणारे पुष्कळसे अमोनाइट तेच असतात. त्याचे वय सुमारे साडेएकोणीस कोटी वर्षे.

पंचपात्र

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून माहितीत मोलाची भर पडली. माझे क्षेत्र वेगळे आहे. आमच्या घरी पूजाविधीची परंपरा आहे, म्हणून आपल्या मातोश्रींच्या काळजीपुरते लिहितो.

शाळिग्राम स्वयंभू मानला जातो, त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. तसेच, तो तडकला किंवा फुटला तरी चक्र शिल्लक असेल तर पूजेला वर्ज्य नाही, असे शास्त्रकार सांगतात. मूर्तीच्या बाबतीत जो भंगाचा दोष धरतात तो येथे धरत नाहीत. परंतु हा नियम गंडकीच्या शिळेचा आहे. परदेशच्या समुद्रकाठचा दगड देवघरात आला म्हणून तो शाळिग्राम झाला नाही, आणि तो फुटला म्हणून देव रुसला असेही होत नाही. मातोश्रींना आणखी एक गोष्ट सांगावी, कदाचित त्यांना हसू येईल. शाळिग्राम समसंख्येने पुजावेत, मात्र दोन पुजू नयेत. विषम संख्येने पुजू नयेत, मात्र एक चालतो, असे वचन आहे. म्हणजे दुसऱ्या दगडाने स्वतःच वाट मोकळी केली असे त्यांनी समजावे.

चक्र कसे पडले याचेही उत्तर आपल्या परंपरेने शोधले होते. वज्रकीट नावाचा किडा दातांनी शिळा पोखरतो आणि आत चक्र कोरतो, असे पुराणांत येते. श्री. गाळखडक यांच्या लिहिण्यानंतर मला त्यात एक गोष्ट नवी वाटली: दगडातले वेटोळे कोणा जिवाचे काम आहे, एवढे तरी त्या लोकांनी ओळखले होते.

गाळखडक

पंचपात्र यांचा मुद्दा मला आवडला. युरोपात तोवर काय मानत होते ते पाहिले तर त्याचे मोल अधिक कळते. उत्तर इंग्लंडमधील व्हिटबी येथे असे दगड म्हणजे संत हिल्डाने शिळा करून टाकलेले साप समजत, आणि विक्रेते वेटोळ्याच्या टोकाला सापाचे डोके कोरून विकत. तेथील एका अमोनाइटला पुढे हिल्डोसेरास हेच नाव मिळाले. मुळात "अमोनाइट" हे नावही मेंढ्याच्या शिंगांच्या अमोन या इजिप्तच्या देवावरून आले आहे. म्हणजे देवघराशी संबंध फक्त आपल्याच दगडाचा नाही.

शाळिग्रामाविषयी थोडे लिहायचे राहिले. काली गंडकी नदी नेपाळात मुस्तांगच्या काळ्या पंकाश्मातून (चिखल दबून बनलेल्या खडकातून) वाहत येते. मुक्तिनाथ याच भागात सुमारे 3700 मीटर उंचीवर आहे. हा खडक म्हणजे भारतीय भूखंडाच्या उत्तर कडेला असलेल्या, आता नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राच्या तळाचा चिखल, वय साधारण 16 ते 14 कोटी वर्षे. मेलेल्या अमोनाइटभोवती चिखल आधी घट्ट होऊन त्याचा गोटा बनला, बाकीचा चिखल नंतर दबून पंकाश्म झाला. पुढे भूखंड आशियाला धडकून हिमालय उभा राहिला, नदीने मऊ पंकाश्म धुऊन नेला आणि कठीण गोटे पात्रात घरंगळत घासले गेले. गोटा एका बाजूने फुटला की आतल्या वेटोळ्याचा ठसा दिसतो, तेच आपले वदन आणि चक्र. काही शाळिग्रामांत जी सोनेरी रेघ दिसते ती पायराइटची असते. तुमच्या शाळिग्रामात ती नसेल किंवा दाट दगडाच्या आत बंद असेल, म्हणून इतक्या पिढ्यांच्या पाण्याने त्याचे काही बिघडले नाही.

एवढे मात्र सांगतो, की शाळिग्राम ओळखण्यासाठी त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर टाकून पाहण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, तो पाळू नये. त्यातील चुन्याचा अंश आम्लाने खरवडला जाईल आणि हाती काहीच लागणार नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आईला पंचपात्र यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोन शाळिग्राम पुजू नयेत हे तिला ठाऊक होते, "पण तो दुसरा इतका लहान होता की मी त्याला अर्धाच धरला" असे तिचे म्हणणे आहे. इंग्लंडचा दगड आता डब्यात आहे.

सांगितल्याप्रमाणे काल सकाळी गच्चीवर उन्हात बसून तिन्ही दगड भिंगाखाली पाहिले. इंग्लंडच्या दगडावर जेवढ्या बरगड्या शिल्लक आहेत त्या एकट्याच आहेत आणि पाठीवर फितीसारख्या रुंद होतात. शाळिग्रामाच्या वदनातून छोटी टॉर्च घालून पाहिले तर बरगडी वर येता येता इंग्रजी वाय अक्षरासारखी फुटलेली दिसते. कच्छच्या दगडावरही बरगड्या तशाच दुभंगतात, आतले फेरे उघडे दिसतात, आणि तीन ठिकाणी फेऱ्याला दोरा आवळल्यासारखी खोल खाच आहे. सांधेरेषा मात्र तुटलेल्या कडेजवळच दिसल्या, अगदी कोथिंबिरीच्या पानासारख्या. त्या पहिल्यांदा डोळ्यांत भरल्या तेव्हा मी भिंग खाली ठेवून थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. हा दगड आठ महिने शोकेसमध्ये होता आणि मी तो रोज पाहत होतो.

दगडाला मागच्या बाजूने जो खडक चिकटला आहे त्यात मोहरीहून बारीक, गोल, लालसर दाणे खच्चून भरलेले आहेत. गावाविषयी आपण रागावलात ते योग्यच झाले. मी काहीच टिपून ठेवले नव्हते. परंतु त्या दिवशीची छायाचित्रे फोनमध्ये होती आणि फोनने प्रत्येकाची जागा नोंदवली आहे. दगड उचलण्याच्या चार मिनिटे आधीचे छायाचित्र भुजच्या दक्षिणेस लेर गावाजवळचे निघाले, आणि मागे टेकडीच्या माथ्यावर एक तांबूस पट्टा दिसतो आहे. याचा काही उपयोग होईल का?

गाळखडक

उपयोग होईल का असे काय विचारता! ते बारीक गोल दाणे आणि लेरची जागा, या दोन गोष्टींवरून आपला दगड बहुधा धोसा ऊलाइट (ऊलाइट म्हणजे अशाच गोल दाण्यांचा खडक) या थरातला आहे. हा चारी भागाच्या अगदी माथ्याचा थर, वय सुमारे 16 कोटी वर्षे. समुद्रतळाशी लहानशा कणाभोवती लोहयुक्त पापुद्रे चढत जाऊन ते दाणे तयार झाले. गाळ फार सावकाश साठत असेल तेव्हाच असे दाणे बनतात, म्हणून एवढ्याशा जाडीत फार मोठा काळ आणि पुष्कळ अमोनाइट दाटले आहेत. या थराच्या सर्वांत वरच्या बाजूला तर वेगवेगळ्या वेळचे अमोनाइट उखडून एकत्र कालवलेले सापडतात. तेथे दगड थराच्या तळाचा की माथ्याचा हे ठाऊक नसेल तर वयाचा अंदाज चुकतो. तुमचा दगड पायथ्याशी मिळाला, म्हणजे तो वरून घरंगळला. तेव्हा चिठ्ठीवर "थरात नव्हे, उतारावर सुटा मिळाला" हे स्पष्ट लिहावे.

दुभंगलेल्या बरगड्या, उघडे फेरे आणि आवळलेल्या खाचा ही पेरिस्फिंक्टिस कुळाची लक्षणे आहेत. त्याच थरात मायाइटिस नावाचा फुगीर, आतले फेरे झाकणारा प्रकारही मिळतो, पण तुमचा तो नव्हे. शाळिग्रामाची बरगडीही दुभंगते, म्हणजे तो याच मोठ्या गोतावळ्यातला, बहुधा काही लाख पिढ्यांनंतरचा. कच्छचा भारतीय भूखंडाच्या पश्चिम कडेला, आफ्रिकेच्या बाजूच्या भेगेत नुकत्याच आत शिरलेल्या समुद्रात वाढला, दुसरा त्याच भूखंडाच्या उत्तर कडेला. इंग्लंडचा दगड या दोघांहून किमान साडेतीन कोटी वर्षांनी वडील आणि वेगळ्या कुळातला.

जातीचे नेमके नाव सांगण्याचा मोह मी टाळतो. स्पाथ यांनी कच्छच्या अमोनाइटांच्या भाराभर जाती केल्या. नंतर 1962-63 मध्ये पोलंडचे माकोव्स्की आणि इंग्लंडचे जॉन कॅलोमन यांनी दाखवून दिले की, एकाच थरात सापडणारी मोठी आणि लहान कवचे पुष्कळदा एकाच जातीच्या मादी आणि नर असतात. दोन जाती म्हणून नोंदलेल्या कित्येक जोड्या त्यामुळे एकत्र कराव्या लागल्या. कॅलोमन हे पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, अमोनाइट हा त्यांचा सुट्टीतला उद्योग. त्यांनी पुढे कच्छच्या अमोनाइटांवरही काम केले.

दगड धुण्याची गरज नाही, कोरड्या ब्रशने पुसावा. त्यावर वार्निश किंवा तेल लावू नये. चमक येते आणि सांधेरेषा बुजतात. पाठीमागचा खडक काढून टाकण्याचा विचार मनात आला तर तो लगेच सोडून द्यावा, कारण तेच दाणे या दगडाचा पत्ता आहेत. कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे जागा, दिनांक, फोनने दिलेले अक्षांश-रेखांश, आणि कोणी उचलला हे लिहावे. चिठ्ठी हरवते, दगडावरचा क्रमांक हरवत नाही. पुण्यात आगरकर संशोधन संस्थेत कच्छच्या जीवाश्मांवर काम झाले आहे. कधी येणे झाले तर आधी पत्र लिहून छायाचित्रे पाठवावीत.

पुढच्या खेपेस मात्र उचलू नये, छायाचित्र काढावे आणि शेजारी नाणे ठेवावे. कच्छचा बराच भाग अभयारण्यांत आणि सीमेलगतच्या क्षेत्रात मोडतो, आणि गेल्या काही वर्षांत सहलीच्या बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाने एकेक दगड खिशात घातल्याने जवळच्या टेकड्यांचे उतार रिकामे झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

कृष्णाकाठ

वही आणली. पहिल्या क्रमांकावर आईने शाळिग्राम लिहायला लावला. जागा म्हणून "गंडकी", दिनांक ठाऊक नाही, आणि "कोणी आणला" या रकान्यात तिच्या सासूबाईंनी तिला सांगितलेली नोंद: काशीयात्रेहून पणजोबांनी. क्रमांक मात्र शाळिग्रामावर लिहू दिला नाही, तो डबीच्या झाकणाखाली लिहिला आहे.

एक छोटी शंका उरली आहे. इंग्लंडच्या दगडाच्या डब्यातील सिलिका जेलचे निळे दाणे आठ दिवसांत गुलाबी झाले. ते टाकून द्यावेत का?

दर्यापार

टाकू नयेत. गुलाबी होणे म्हणजे दाणे ओल पिऊन तृप्त झाले; सुमारे 120 अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास तापवले की ते पुन्हा निळे होतात. परंतु तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि तो पोटात जाणे चांगले नाही, म्हणून स्वयंपाकाचा तवा किंवा भांडे वापरू नये. पुढच्या वेळी नारिंगी रंगाचे दाणे मिळाले तर ते घ्यावेत. आणि आठ दिवसांत गुलाबी झाले असतील तर डब्याचे झाकण नीट बसत नाही, तेही पाहावे.